सावंतवाडीतलं बिऱ्हाड

मळेवाडच्या थांब्यावर एसटी थांबली तेव्हा इनास फर्नांडिस उलटी करायला म्हणून खाली उतरला आणि पुन्हा गाडीत चढलाच नाही. थांब्यातल्या सिमेंटच्या बाकावर तो आडवा झाला. त्याची बायको जेसिंता मागोमाग उतरली. तिने रुमालाने त्याचं तोंड पुसलं, उशाला पिशवी दिली आणि कंडक्टरला सांगितलं, "तुमी जावा. आमी मागसून येतलव."

मागून यायला दुसरी गाडी संध्याकाळीच होती. जेसिंताने रेडीला दिराला, लिओनला, फोन लावला. तो व्हॅन घेऊन येईपर्यंत ती नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. त्याचे हात गार पडले होते आणि हातावरच्या पट्टीतून रक्त पाझरत होतं.

इनासने उभं आयुष्य रेडीच्या बंदरात, खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन सांभाळण्यात घालवलं होतं. निवृत्त होऊन घरी बसल्यावर आधी पाय सुजायला लागले, मग चेहरा. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा सावंतवाडीला जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला हात जोडून पडायचं आणि परत यायचं. जाताना तो अंगात पाणी साठून जड झालेला असे, येताना धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा. त्या रस्त्याला खड्डे आणि वळणं किती, हे जेसिंताला आता डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेची वाटी त्याच्यापुढे ठेवताना ती म्हणाली, "आपण सावंतवाडीत बिऱ्हाड करूया."

"माका हंयच मरू दी."

"मर. पण एसटीत नको. तुका एकटीन उचलूक माका जमणा नाय."

इनासने वाटी बाजूला सारली. मस्कतला असलेला त्यांचा मुलगा रोनी फोनवर आईच्याच बाजूने बोलला, तेव्हा इनास कबूल झाला. पण अट घालूनच. पावसाळ्यापुरतं जायचं. दिवाळीला परत यायचं.

खोली मिळाली ती सदानंद परबांमुळे. हे मूळचे कट्टा गावचे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, सावंतवाडीत बरीच वर्षं राहिलेले. डायलिसिसला त्यांची खाट इनासच्या खाटेशेजारी होती. चार चार तास शेजारी पडून दोघांची मैत्री झाली होती. बिऱ्हाड करायचं ठरल्याचं ऐकून सदानंदांनी पडल्यापडल्याच शहाणपण सांगायला सुरुवात केली.

"इनासबाब, एक लक्षात ठेवा. हंय नळाचा पाणी सकाळी येता आणि लगेच जाता. आधी पिंपा भरा, मगे तोंड धुवा. कचऱ्याची गाडी गाणा लावन येता, ती गेली काय कचरो दुसऱ्या दिसापर्यंत तुमच्याच घरात. आणि शेजारी आपणहून येवची वाट बघू नकात. शारातलो माणूस वायट नसता, पण तो म्हणता, उगाच कोणाक त्रास कशाक? तुमीच जावा. एकदा गेलात काय मगे तो तुमका सोडूचो नाय."

"आमी जास्ती दिस रवचव नाय," इनास म्हणाला.

"मीय तसाच म्हणलेलंय," सदानंद म्हणाले आणि हसले.

घरमालकीण नीरजा केळकर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी गौरजा पुण्याला नोकरीत. स्वतः वरच्या मजल्यावर राहायच्या आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी चष्म्यातून दोघांना नीट पाहून घेतलं.

"मासे खाता ना?"

"खातव, बाई," जेसिंता म्हणाली. तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की ही खोली गेली.

"खा. तुमच्या चुलीवर तुम्ही काय शिजवता ते मी बघायला येणार नाही. फक्त सुकी मासळी गच्चीत वाळत घालायची नाही. मांजरं येतात, आणि मांजरांचं मला जमत नाही."

"सुक्या ह्यांका बंदच आसा. मीठ चलना नाय."

"मग प्रश्नच मिटला."

तेवढ्यात इनासला पाय लांब करून बसायचं होतं म्हणून जेसिंताने त्याला, "तू ह्या खुर्येर बस," असं म्हटलं. नवऱ्याला तू म्हणणारी आपल्याच वयाची बाई नीरजाबाईंनी पहिल्यांदाच पाहिली असावी. वर जाताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

मे महिन्याच्या शेवटी लिओनच्या व्हॅनमधून सामान आलं. दोन खाटा, दोन खुर्च्या, भांडी, देवमातेची तसबीर. सदानंदांनी सांगितलं होतं ते सगळं तसंच होतं. पाणी सकाळी यायचं आणि जायचं. पहिल्या आठवड्यात कचऱ्याच्या गाडीमागे जेसिंता दोनदा धावली. जे त्यांनी सांगितलं नव्हतं ते हे, की इथे दुपार फार लांब असते. रेडीला विहिरीचं पाणी, झाडांचं शिंपण, झावळ्या, कोंबड्या, येणारा-जाणारा, यातच दिवस बुडायचा. इथे दोन खोल्या झाडून झाल्या की काम संपलं. पहिले काही दिवस ती उगाचच भांडी पुन्हा घासायची.

आणखी एक गोष्ट तिला बाजारात जाताना जाणवली. रेडीला घरातून पाऊल बाहेर टाकलं की पहिल्या वळणावर कोणीतरी विचारायचंच, "खंय चललंस गो?" मग दुसऱ्या वळणावर, मग दुकानात. उत्तर देत देत जायचं. इथे ती तळ्याच्या कडेने चालत मासळीबाजारात गेली, बांगडे घेतले, चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि परत आली, तरी कोणी काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी तिला त्यामुळे रडू आलं. महिन्याभरानंतर तीच गोष्ट तिला बरी वाटायला लागली होती. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही.

इनासचं उलटं झालं. तो सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. ओळखीचं कोणी जायचं नाही. समोरच्या घरातली माणसं गाडी काढायची, हात हलवायची आणि निघून जायची. "ह्या काय गाव आसा?" तो म्हणायचा. "माणूस मेलो तरी कळूचा नाय."

दवाखाना घरापासून चढावर होता. चालणं त्याला झेपत नव्हतं, रिक्षा लागायची. ठरवलेला रिक्षावाला चार दिवस नीट यायचा आणि पाचव्या दिवशी त्याला दुसरीकडचं भाडं मिळायचं. जुलैमध्ये एकदा डायलिसिस झाल्यावर दोघं दवाखान्याच्या पायरीवर तासभर पावसात अडकून पडली. इनासला उभं राहवत नव्हतं. शेवटी औषधं पोचवायला आलेल्या टेम्पोवाल्याने त्यांना घरी सोडलं. नीरजाबाई वरून बघत होत्या. संध्याकाळी त्या खाली आल्या.

"गौरजाची स्कूटर जिन्याखाली झाकून ठेवलीय. दोन वर्षं कोणी हात लावलेला नाही. शिका."

"कोण? मी?"

"मग काय मी? माझे गुडघे गेलेत."

"बाई, माझा वय काय, माका सायकलसुद्धा येणा नाय."

"मी सातवीच्या मुलांना बीजगणित शिकवलंय. तुम्हाला स्कूटर येणार नाही असं कसं होईल?"

असं म्हणून त्या वर गेल्या. दोन दिवसांनी गॅरेजवाला स्कूटर दुरुस्त करून घेऊन गेटपाशी उभा राहिला. पाऊस उघडला की जेसिंता जिमखान्याच्या मैदानावर जायची. गॅरेजवाल्याची बायको शर्मिला तिला शिकवायची. पहिल्या दिवशी जेसिंताने एकदम ॲक्सिलरेटर पिळला आणि स्कूटर चिखलात गेली, ती बाजूला. कोपर सोलवटलं. शर्मिला धावत आली तेव्हा जेसिंता बसल्याबसल्या हसत होती. ती इतकी हसली की शर्मिलाला वाटलं, हिच्या डोक्याला मार लागला.

लायसन्सची परीक्षा ती पहिल्या खेपेला नापास झाली, दुसऱ्या खेपेला पास. पण खरी परीक्षा घरी होती. सोमवारी सकाळी तिने स्कूटर गेटसमोर आणली आणि इनासला म्हणाली, "बस."

"मी नाय. बायलेच्या पाठी बसान जावचंय नाय मी. लोक काय म्हणतले?"

"हंय तुका वळाखता कोण?"

रोज तो स्वतः हेच म्हणत आला होता. थोडा वेळ तो गेट धरून उभा राहिला, मग बसला. दवाखान्याच्या चढावर त्याने डोळे मिटून घेतले होते. सदानंदांनी खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि तो खाटेवर येऊन पडल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "इनासबाब, बार्जीपेक्षा ह्या बरा, नाय?" इनासने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसण्याने हलले ते नर्सलाही दिसलं.

डब्याचं काम असंच, न ठरवता सुरू झालं. डायलिसिसला दोडामार्गहून, कट्ट्याहून, कुठून कुठून माणसं यायची. पहाटे घरातून निघालेली. दुपारी मशीनवरून उतरली की भूक लागलेली, आणि बाहेरचं खायचं तर सगळ्यात मीठ. जेसिंता इनाससाठी बिनमिठाचं करून न्यायची. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला सगळं शिकवलं होतं. भाजी चिरून पाण्यात ठेवायची, ते पाणी ओतून टाकायचं, मग शिजवायची. नारळ जपून. शहाळ्याला हात लावायचा नाही. मिठाची उणीव तिने मिरी, लसूण आणि तिरफळाने भरून काढली होती. दोडामार्गच्या गणपत नावाच्या म्हाताऱ्याने एकदा तिच्या डब्यातला भात आणि माशाचं तिखलं चाखलं आणि विचारलं, "बाय, माका आणशीत?" मग आणखी एकाने विचारलं. दिवाळीपर्यंत ती रोज आठ-दहा डबे करत होती. स्कूटरच्या पुढे एक पिशवी, मागे एक, असं करून पोचवत होती. आहारतज्ज्ञ बाई अधूनमधून एखादा डबा उघडून बघायच्या. दवाखान्यातले सगळे तिला नावाने हाक मारायचे.

दिवाळी आली आणि गेली. परत जायचं इनासने काढलं नाही, कारण सगळ्यांना दिसत होतं की त्याची तब्येत सुधारली आहे. तो आता तळ्यापर्यंत चालत जायचा. पण दारातली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून तशीच होती, आणि फोनवर लिओनशी बोलताना तो आधी माडांचं विचारायचा, मग माणसांचं.

फेब्रुवारीत लिओनचा फोन आला. रेडीपासून अगदी जवळ एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची मशीनं बसली होती. रिक्षाने पंधरा मिनिटं. इनासने फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी त्या दवाखान्यात नाव घातलं. जेसिंताला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती डबे भरत असताना.

"लिओनाक सांगलंय. तो घर झाडून ठेवता. म्हयनाअखेरीक जावया."

जेसिंताचा हात थांबला. "तू सांगलंस? माका विचारूचा नाय?"

"विचारूचा काय त्यात? आपला घर आसा."

"तुझा घर आसा. आधी तुझ्या आवशीचा होता, मगे तुझा झाला."

"म्हणजे?"

"माका येवचा नाय."

इनासला आधी वाटलं तिला राग आलाय, निवळेल. त्याने संध्याकाळी पुन्हा विषय काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती आवाज चढवत नव्हती. फक्त तेच म्हणायची. शेवटी त्याने भांडी आपटली.

"तुझ्यापायी मी हंय इलंय! पिंजऱ्यात बसल्यासारखो बसलंय वर्षभर!"

"माझ्यापायी? तुझ्या जिवापायी इलंस तू. मी तुका घेवन इलंय. आता तुका माझी गरज नाय, बरा झाला. पण त्या लोकांका आसा. आणि माकाय आसा."

"बायलेन घोवाक सोडून शारात रवाचा? काय तरी रीत आसा काय नाय?"

"तू बार्जीर पंधरा पंधरा दिस ऱ्हवायचंस. तेव्हा मी कोणाक रीत विचारलंय?"

रोनीने मस्कतहून दोघांशी वेगवेगळं बोलून पाहिलं. आईला म्हणाला, "मम्मी, लोक काय म्हणतले?" ती म्हणाली, "लोकांका सांग, माझे डबे करूक येवा. मगे मी जातंय." जेसिंताने एकदा नीरजाबाईंना विचारलं की तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, "मी घरमालकीण. मला भाडेकरू जायला नको आहेत, म्हणून माझं मत धरू नका." मग जिन्यातून मागे वळून म्हणाल्या, "पण त्यांना भात तरी शिकवून पाठवा."

तिने शिकवला. जाण्याआधीच्या आठवड्यात इनास रोज सकाळी स्वयंपाकघरात तिच्याशेजारी उभा राहायचा, कपाळाला आठ्या घालून. बटाटा किती बारीक चिरायचा, पाणी किती वेळाने ओतायचं, भात कधी उतरवायचा. चुकला की ती त्याच्या हातातली पळी घ्यायची आणि पुन्हा दाखवायची. त्या आठवड्यात त्यांच्यात भांडण झालं नाही. शनिवारी लिओन आला. एक खाट, एक खुर्ची आणि तसबीर गाडीत गेली. तसबीर जेसिंतानेच दिली. "थंय एकटो आसतलंस," एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे दिवस दोघांनाही वाटले होते तसे गेले नाहीत. इनासला वाटलं होतं की ती महिन्याभरात येईल. ती आली नाही. जेसिंताला वाटलं होतं की तो पथ्य मोडेल, आजारी पडेल, तिला बोलावणं येईल. तसंही झालं नाही. तो नीट जेवत होता, वेळेवर मशीनला जात होता, संध्याकाळी यशवंतगडाच्या बाजूला चालत जात होता. ओळखीची माणसं येऊन व्हरांड्यात बसायची. लिओनची बायको मेल्विना सांगायची की त्याचा चेहरा उजळलाय. हे ऐकून जेसिंताला बरं वाटायचं आणि थोडं लागायचंही. मागे वजन नसल्यामुळे स्कूटर आता हलकी पळायची, गतिरोधकावर उडायची, आणि दर वेळी तिचा एक हात आपोआप मागे जायचा.

फोन रोज व्हायचा, पण छोटा.

"वजन कितक्या वाढला?"

"दीड किलो."

"पाणी कमी पी."

"पितंय कमीच. तू जेवलंस?"

"जेवलंय."

एकदा मेल्विनाने तिला सांगितलं की चर्चमधल्या मिसनंतर बायकांनी इनासला खोचून विचारलं, जेसिंता रुसली काय? तो म्हणाला, "ती कामाक आसा थंय. सुट्टी मेळना नाय तिका." असं म्हणून सरळ चालायला लागला. जेसिंताने ते मेल्विनाला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पावसाळा संपून भाताची कापणी झाली तेव्हा एका रविवारी सकाळी अनुजाचा फोन आला. अनुजा म्हणजे सदानंदांची मुलगी. सदानंद पहाटे झोपेतच गेले होते. हृदय बंद पडलं. कोल्हापूरहून तिचा धाकटा भाऊ निघाला आहे, तो पोचला की दुपारी नेणार.

जेसिंताने इनासचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. फोनवर हे सांगायचं नव्हतं. लिओनला विचारलं तर तो व्हॅन घेऊन गोव्याला गेलेला. तिने नीरजाबाईंना सांगितलं, हेल्मेट घातलं आणि निघाली. माजगावच्या पुढे ती कधी एकटी गेली नव्हती. मळेवाडपर्यंत रस्ता मोकळा होता. आजगावच्या बाजूला लोकांनी रस्त्यावर पेंढा पसरून ठेवलेला, त्यावरून चाक घसरायचं. ती पाय टेकत टेकत गेली. शिरोड्यात ती टपरीवर पाणी मागून प्यायली आणि पुन्हा निघाली.

इनास अंगणात बनियनवर बसून तारली साफ करत होता. स्कूटर फाटकातून आत आलेली पाहून तो उठला. तिने हेल्मेट काढेपर्यंत त्याने तिला ओळखलं नव्हतं.

"कोणाक काय झाला?"

"सदाभाऊ गेले."

त्याच्या हाताला खवले चिकटलेले. त्याने विहिरीवर जाऊन हात धुतले, आत जाऊन पांढरा सदरा घातला आणि बाहेर आला.

"कशी इलंस तू? एकटी?"

"इलंय. बस. दुपारी नेतले."

गावातून जाताना तिठ्यावर मासळी विकणारी काशीबाई ओरडली, "इनास, खंय चललंस रे?" त्याने जेसिंताच्या खांद्यावरचा हात न काढता उत्तर दिलं, "मर्तिकाक! सावंतवाडीक!" पेंढ्यावर चाक घसरलं की त्याचा हात घट्ट व्हायचा.

ते पोचले तेव्हा तयारी झाली होती. इनास दारात अडखळला. आपण ख्रिस्तांव, आत जावं की नाही, कुठे उभं राहावं, हे त्याला कळेना. अनुजानेच त्याला हाताला धरून आत नेलं आणि ओंजळीत फुलं दिली. त्याने ती सदानंदांच्या छातीवर ठेवली. त्यांचा मशीनचा हात, सुयांनी गाठी गाठी आलेला, चादरीबाहेर होता. इनासने तो चादरीखाली सरकवला.

स्मशानातून आल्यावर तो जेसिंताच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी बसला. तिने बिनदुधाचा चहा दिला, अर्धा कप.

"वर्षभर आमी दोघांनी एकच पंखो बघलो," तो म्हणाला. "वर बघान बोलायचव. मी त्येंच्या तोंडाकडे बघान कधी बोललंयच नाय. आज पयल्यांदा तोंड नीट बघलंय." मग त्याला रडू आलं. जेसिंता खाली त्याच्याशेजारी येऊन बसली.

सोमवारी त्याचं डायलिसिस रेडीकडच्या दवाखान्यात होतं. सकाळी ती त्याला सोडायला निघाली तेव्हा शर्मिलाने डब्यांचं काम आपल्याकडे घेतलं होतं. गेटशी इनास म्हणाला, "मी तुका परत ये म्हणणंय नाय."

"मीय तुका हंय रव म्हणणंय नाय."

"मगे?"

"शनवारी डबे पोचवन मी येतलंय. सोमवारी सकाळी परत."

"इतक्या लांब दर शनवारी स्कूटर चालवतलंस?"

"पेंढो उचलल्यावर रस्तो बरो आसा."

त्याने थोडा विचार केला. "एक शनवार तू ये. एक शनवार मी एसटीन येतंय. मशीनीच्या दुसऱ्या दिसाक माका आता गाडी लागणा नाय."

असं ठरलं. गावात लोक काही दिवस बोलले, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. रेडीच्या फादरनी एकदा इनासला विचारलं की तुमचं कुटुंब आता कुठल्या चर्चचं धरायचं. इनास म्हणाला, "दोन्हीकडचा धरा, फादर. दोन्हीकडे वर्गणी मागतत."

डिसेंबरात रोनी बायको-मुलीला घेऊन नाताळला येणार होता. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणार. त्याने फोन करून विचारलं, "आमी येतलव खंय? रेडीक काय सावंतवाडीक?"

फोन स्पीकरवर होता, रेडीच्या व्हरांड्यात. जेसिंता नेवऱ्यांच्या सारणासाठी खोबरं किसत होती आणि इनास तिला खोबऱ्याचा एक कणही मागणार नाही असं तोंड करून बसला होता.

"रेडीक ये," इनास म्हणाला. "नाताळ हंय."

"नाताळ हंय," जेसिंताने मान्य केलं. "पण सत्तावीस तारखेक सगळ्यांनी थंय येवचा. माझे डबे आसत. गौरजा पण येतली, नीरजाबाईन वरची खोली तिच्यासाठी उघडून ठेवल्यान."

"डब्यांका नाताळाची सुट्टी नाय?" रोनीने विचारलं.

"मशीनीक आसा काय?" इनासनेच उत्तर दिलं. मग जेसिंताकडे वळून म्हणाला, "त्या दोन खोल्यांत आपण पाच माणसा निजतलव कशी, ता आधी सांग."